भुशाची पिशवी

“आता चार वाजतील. चारला यांचं काम सुरू होतं. तेवढं होऊ दे, मग बघा मशीन,” असं म्हणून शेट्येवहिनींनी कपात चहा ओतला आणि तो कप आम्हाला न देता मागच्या दारानं बाहेर नेला.

मालननं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. घरात आम्ही तिघंच होतो. शेट्ये वारून दीड वर्ष झालं होतं. त्यांच्या मुलीनंच तसं फोनवर सांगितलं होतं, म्हणून तर मशीन विकायला काढलं होतं.

“अहो, चला,” मालन हळूच म्हणाली. “मला काय हे बरं दिसत नाही.”

“साडेतीन तास गाडी चालवून आलोय. निदान बघून तरी जाऊ.”

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. कोल्हापुरात एका फाउंड्रीत पस्तीस वर्षं मी पॅटर्नमेकर होतो. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा, तर आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो. तो बनवणारा मी. घरी बसल्यावर हात शिवशिवायला लागले म्हणून गॅरेजमध्ये एक करवत, रंधा मशीन आणि लहानसा लेथ मांडला. पोळपाट, देव्हारे, पाट, हौसेचंच काम. सहा महिन्यांत असा खोकला लागला की रात्री उशाला तीन उशा घेऊन बसूनच झोपायचो. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडं धरला आणि म्हणाले, “चौगुले, भुसा डोळ्यांना दिसतो तो नाही मारत. दिसत नाही ती धूळ मारते. एकतर लाकूड सोडा, नाहीतर धुळीचा बंदोबस्त करा.”

लाकूड सोडणं जमणार नव्हतं. बंदोबस्त करायचा तर तो परवडायला हवा. आधी मी खिडकीला उलटा पंखा लावला. सगळी धूळ शेजारच्या गवंडीबाईंच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर जाऊन बसली आणि आठ दिवस त्या मालनशी बोलल्या नाहीत. मग घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरला रंगाचा रिकामा डबा जोडला. हवा डब्यात गरगर फिरते, जड भुसा तळाशी बसतो, अशी युक्ती. करवतीपुरतं चाललं. पण रंध्याच्या कपच्या आल्या की नळी तुंबायची आणि क्लीनर रेड्यासारखा रेकायचा. दुकानात नवीन मशीनही बघून आलो. किंमत ऐकली आणि दुकानदारानं दिलेला चहा तसाच ठेवून उठलो. अशात जुन्या ओळखीतून कळलं की तिलारी घाटाखाली दोडामार्गाच्या बाजूला एका वायरमननं घरीच बनवलेलं धूळ ओढायचं यंत्र विकायचं आहे. तीन हॉर्सपॉवरची मोटार, मोठा पंखा, जाड कापडाची पिशवी. आम्ही दुसऱ्याच दिवशी निघालो.

वहिनी पाच मिनिटांनी परत आल्या. सत्तरीच्या होत्या. हडकुळ्या, पण ताठ. हातात रिकामी बशी होती.

“चहा ठेवला त्यांच्या टेबलावर,” त्या म्हणाल्या. “आता चला.”

घराच्या मागं काजूच्या झाडांत शेट्यांचं वर्कशॉप होतं. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. निम्म्या भागावर लाकडी माळा, त्याला भिंतीलगत जिना. आत पाऊल टाकलं आणि मी सगळं विसरलो. इतकी टापटीप मी आमच्या फाउंड्रीतही पाहिली नव्हती. भिंतीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा पेन्सिलीनं काढलेली, हत्यार त्या रेषेवर टांगलेलं. भिंतीलगत पाईप फिरवलेला, त्याची एकेक शाखा एकेका मशीनपर्यंत, आणि प्रत्येक शाखेला उघडबंद करायची लाकडी झडप. एक रुंद तोंड जमिनीलगत ठेवलेलं. केर नुसता झाडूनं तिकडं ढकलायचा की गडप. आणि कोपऱ्यात पंखा, त्याच्यावर माणूसभर उंचीची करड्या कापडाची पिशवी.

“स्वतः केलं सगळं?” मी विचारलं.

“आजारपणातच केलं. घशाचं दुखणं होतं. डॉक्टर म्हणाले धुळीनं झालं असेल, नसेलही. हे म्हणाले, आपल्याला झालं ते झालं, पण आता धूळ उडू द्यायची नाही.”

मी पिशवीला हात लावला. मला वाटलं होतं रिकामी लोंबत असेल. ती निम्म्याहून जास्त भरलेली होती.

“वहिनी, ही कधी रिकामी केली होती?”

“दर पंधरवड्याला करते की. भरतेच ना.”

“पण लाकूड कोण कापतं इथं?”

त्या माझ्याकडं असं बघत राहिल्या, जणू मी काहीतरी पोरकट विचारलंय. मग शेट्यांच्या कामाच्या टेबलाकडं गेल्या. “हे बघा. सकाळी पुसलं होतं.”

टेबलावर, चहाच्या कपाशेजारी, भुशाचे चार-पाच छोटे ढीग होते. चिमटीत घेऊन रांगोळीचे ठिपके टाकावेत तसे. खाली जमिनीवरही होते, एका ओळीत. आणि चहाच्या सायीवरसुद्धा पांढुरकी भुकटी पडलेली होती. कप ठेवून पाच-सात मिनिटंच झाली होती.

“रोज असंच,” वहिनी म्हणाल्या. “मी पुसते, दुसऱ्या दिवशी पुन्हा. चार वाजता बटण दाबते, सगळं ओढून जातं. पहिल्यांदा घाबरले होते. आता नाही. ऐका.”

त्यांनी बोट ओठावर ठेवलं. बाहेर काजूच्या मोहरावर माशा घोंघावत होत्या. त्या आवाजाखाली, अगदी आत, मला ऐकू आलं. खर्र... खर्र. थांबून पुन्हा खर्र. कुणीतरी हलक्या हातानं लाकडावर पॉलिशपेपर ओढत होतं. आवाज कुठल्या बाजूनं येतोय तेही कळेना. सगळीकडूनच येत होता.

माझ्या हातांवरचे केस उभे राहिले. मालननं पदर घट्ट ओढून घेतला. ती कधी कुठल्या बुवाकडं गेलेली नाही, अंगारा लावलेला नाही. तीही दाराकडं बघत होती.

“मुलगी म्हणते, आई, मशीन विकून टाक आणि म्हापशाला ये,” वहिनी सहजपणे बोलत होत्या. “मी म्हटलं, विकते, पण माणूस बघून देईन. यांना पसंत पडला पाहिजे. तुम्ही चालवून बघा तोवर. मी वहिनींना माळा दाखवते. नातवाचा पाळणा केलाय त्यांनी, बघण्यासारखा आहे.”

“नको, असू दे,” मालन म्हणाली. पण वहिनींनी तिचा हात धरला होता. माहेरी आलेल्या बहिणीला धरावा तसा. मालनला तो सोडवून घेता आला नाही. दोघी जिना चढून वर गेल्या. माळ्याच्या फळ्या कुरकुरल्या, मग वहिनींचं बोलणं ऐकू यायला लागलं.

मी खाली एकटा राहिलो.

असं यंत्र पारखायची माझी एक रीत होती. मोठ्या कपच्या कुठलंही मशीन ओढतं, त्यात काही नाही. बारीक धूळ ओढतं की नाही ते बघायचं. ती बघायला ऊन लागतं. शेट्यांच्या कौलांत एक काच बसवलेली होती आणि तिच्यातून उन्हाची तिरीप थेट टेबलावर उतरली होती. मी जमिनीलगतची झडप उघडली, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

मोटार घुमली. पिशवी कुणीतरी दीर्घ श्वास घ्यावा तशी फुगली. जमिनीवरचे ढीग हलले आणि पाईपात गडप झाले. काय ताकद होती! क्षणभर मला भीतीचाही विसर पडला. मी तिरिपीकडं बघितलं. धूळ पाईपाच्या तोंडाकडं वळते का?

वळत होती. पण संपत नव्हती. उलट वाढत होती. मोटारीच्या थरथरीनं सगळं वर्कशॉप बारीक हादरत होतं आणि उन्हाच्या पट्ट्यात वरून पीठ पडत होतं. चाळणीतून पडावं तसं, न थांबता. मी तळहात पुढं केला. दोन बोटांत भुकटी चोळली.

पस्तीस वर्षं माझ्या बोटांनी भुसा ओळखलाय. करवतीचा भुसा खरखरीत असतो. पॉलिशपेपरचाही बोटाला किंचित अडतो. हा अडत नव्हता. हा टाल्कम पावडरीसारखा होता. असा भुसा कुठलंही हत्यार काढत नाही. तो फक्त एकच जण काढतो.

मी मान वर केली. माळ्याचे वासे गोरेपान होते, वरून व्हार्निश मारलेलं. रबराचं लाकूड. त्या भागात रबराच्या बागा आहेत, जुनी झाडं तोडली की लाकूड फुकटात मिळतं. कापायला लोण्यासारखं, दिसायला देखणं, पण औषध न मारता वापरलं तर भुंगा धरतो आणि आतून पीठ करून टाकतो. वरची पापुद्र्याएवढी कातडी तेवढी शाबूत ठेवतो. जवळच्या वाशावर सुईच्या टोकाएवढी भोकं होती. एक, दोन, पाच, मग मोजता येईनात. आत आल्याबरोबर मला दिसायला हवी होती. पण भ्यालेल्या माणसाचं शिकलेलं आधी जातं.

मी हात उंचावून अंगठ्यानं वासा दाबला. अंगठा आत गेला.

त्या वाशांवर सागाच्या फळ्यांची थप्पी होती, छातीएवढी. मुलीच्या घराच्या दारांसाठी शेट्यांनी जमवलेल्या. आणि थप्पीच्या शेजारी, पाळण्यापाशी, मालन आणि वहिनी बसल्या होत्या.

मी ओरडायला तोंड उघडलं. वरचं पीठ सरळ घशात गेलं. असा खोकला आला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. श्वास आत जाईना, आवाज बाहेर येईना. मोटारीचं बटण पलीकडच्या भिंतीला होतं, तिथवर जायला वेळ नव्हता. जिना चढून जायचीही हिंमत होईना, माझं वजन त्या वाशांवर पडलं असतं तर? टेबलावर शेट्यांचा लाकडी हातोडा होता. तो मी उचलला आणि जिन्याच्या खांबावर जीव खाऊन हाणला. पुन्हा हाणला. त्या दुसऱ्या ठोक्याला दांडा निसटून माझ्या हातात राहिला आणि हातोड्याचं डोकं गडगडत लेथखाली गेलं. मी रिकामा दांडा धरून तसाच खोकत उभा राहिलो.

वर हालचाल झाली. जिन्याच्या तोंडाशी वहिनींचे पाय दिसले. त्यांनी मालनला पुढं घातलं होतं आणि घाईघाईनं उतरत होत्या, सत्तरीच्या बाईनं उतरू नये इतक्या घाईनं.

“चला, चला,” त्या मालनला म्हणत होत्या, “बोलावतायत.”

मी दोघींच्या दंडांना धरून त्यांना अंगणात ओढलं. तुळशीपर्यंत पोचलो असू. आत आधी चिरफळी फुटल्यासारखा एक आवाज झाला, मग सागाच्या फळ्या घसरल्याचा घरंगळता गडगडाट, आणि शेवटी असा दणका की काजूवरचे कावळे उठले. दारातून पांढऱ्या पिठाचा लोट बाहेर आला. आतमध्ये मोटार चालूच होती. तो लोट दारातून बाहेर पडायचा आणि पुन्हा आत ओढला जायचा, बाहेर पडायचा आणि आत. मालन माझा शर्ट मुठीत धरून ते बघत होती.

वहिनी घरात गेल्या आणि त्यांनी मेन स्विच पाडला. मग फार शांत झालं. ती खरखरही थांबली होती.

ओट्यावर बसल्यावर त्यांनी आम्हाला पाणी दिलं. माझा खोकला निवायला अर्धा तास लागला. मग मी त्यांना सांगितलं. सांगावंसं वाटत नव्हतं. पण घराच्या तुळयाही त्याच लाकडाच्या असल्या तर? न सांगून कसं चालेल? भुंगा कसा लागतो, आतून कसा खातो, शांत घरात त्याच्या कुरतडण्याचा आवाज कसा येतो, आणि त्याचं पीठ कसं छोट्या छोट्या ढिगांनी पडतं.

“म्हणजे दीड वर्ष मी किड्यांना चहा देत होते?” त्या म्हणाल्या.

मालन रडायला लागली. वहिनी मात्र हसल्या, अगदी थोडं, आणि मालनच्या पाठीवर हात ठेवला.

“असू दे हो. कीड तर कीड. पण आज त्यांनी बोलावलं, ते तरी खरं.” त्या माझ्याकडं वळल्या. “घशाच्या ऑपरेशननंतर यांचा आवाज गेला होता. दोन वर्षं बोलले नाहीत. काही हवं असलं की त्या हातोड्यानं खांबावर ठोकायचे. एकदा ठोकलं की पाणी. दोनदा ठोकलं की चहा. तीनदा ठोकलं की असशील तशी उठून ये. आज तीनदा ठोकलं.”

माझ्या विजारीच्या खिशात तो दांडा होता. मी कधी खिशात घातला मलाही आठवत नाही. तो मी बाहेर काढला नाही. भुंग्याचं सांगितलं होतं, तेवढं त्या दिवसापुरतं पुष्कळ होतं, असं मला वाटलं.

परतताना आम्ही दोघं घाट चढलो. वर सपाटीला लागल्यावर मी विचारलं, “तुला किती ठोके ऐकू आले?”

“तीन.”

“दोनच ना?”

“तीन. का हो?”

मी गाडी चालवत राहिलो.

पुढच्या आठवड्यात त्यांची मुलगी म्हापशाहून आली. माणसं बोलावून मलबा काढला. घराच्या तुळया फणसाच्या निघाल्या, धडधाकट होत्या. पंखा आणि पिशवी कोपऱ्यात असल्यामुळं वाचली. वहिनींनी ते मशीन टेम्पोत घालून माझ्याकडं पाठवून दिलं आणि मी देऊ केलेल्यातलं निम्मंच घेतलं. त्या स्वतः मुलीकडं गेल्या नाहीत. मी मशीन बसवलं, पाईप फिरवले, आणि महिन्याभरात माझ्या दोन उशा कमी झाल्या. एका दुपारी त्यांचा फोन आला.

“कसं चाललंय मशीन?”

“झकास. डॉक्टरही खूष आहेत.”

“बरं झालं. चौगुले, लेथ हलवला तेव्हा खाली हातोड्याचं डोकं सापडलं. दांडा नाही. दांडा तुमच्याकडं आहे का?”

मला खोटं बोलवेना. “आहे वहिनी. चुकलो. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मीच ठोकलं होतं. घसा बसला होता, दुसरं काही सुचलं नाही.”

“चुकलात कशाला? मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “माणसाचा हात कळतो हो ठोक्यावरून. तुम्ही दोनदा ठोकलंत, दांडगाईनं. वर तुमच्या मालननं विचारलं, हे काय? मी म्हटलं, काही नाही, चहा मागतायत तुमचे मालक, बसा. पाळणा दाखवत बसलेच होते मी. मग तिसरा आला. हलका, सावकाश. तो ऐकला आणि मी उठले.”

माझ्या हातातला फोन जड झाला. “वहिनी, तो वासा तडकल्याचा आवाज असेल. लाकूड मोडायच्या आधी बोलतं.”

“असेल की. मी कुठं नाही म्हणते?” मागं कुठंतरी त्यांच्या अंगणात कोंबड्या कलकलत होत्या. “पिशवी नुसती झटकू नका हं. महिन्यातून एकदा उलटी करून उन्हात घाला. आमचे हे घालायचे. ठेवू आता?”